गरम गाडी परत सुरू होत नाही? बोनेट गार व्हायच्या आत हे तपासा

सकाळी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू होते. तासभर विनातक्रार चालते. तुम्ही कुठेतरी दहा-पंधरा मिनिटं थांबता, परत येऊन किल्ली फिरवता, आणि सेल्फ नुसता फिरत राहतो. इंजिन पकडतच नाही. वैतागून बोनेट उघडं टाकता, पाऊण तास जातो, आणि मग तीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे न्यावी तर तिथे एका झटक्यात सुरू होऊन तुम्हालाच खोटं पाडते.

पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर (त्या स्विचच्या तोंडावरची ठिणगी आवरणारा भाग) यांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळ असते. अवघड असतं ते दोषाला हजर असताना पकडणं, कारण तो जेमतेम अर्धा तास हजर असतो. गार गाडीवर पाच भाग बदलण्यापेक्षा गरम गाडीवर पाच मिनिटं तपासणी केलेली बरी. हा लेख त्या पाच मिनिटांची तयारी करून देण्यासाठी आहे.

गरम झाल्यावरच का?

इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाण्याचा पंप थांबतो, समोरून येणारी हवाही थांबते. पण ब्लॉकच्या लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार? ती वर येते आणि बोनेटखाली कोंडते. त्यामुळे बोनेटखालच्या वस्तू सगळ्यात जास्त तापतात त्या गाडी चालताना नव्हे, तर बंद केल्यानंतरच्या दहा-वीस मिनिटांत. नेमकी तीच तुमची परत किल्ली फिरवायची वेळ.

आता कॉइलचं बघा, म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टचे प्लगसाठी हजारो व्होल्ट करणाऱ्या भागाचं. बॅलास्ट (कॉइलचा करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर) नसलेल्या साध्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडच्या वेढ्यांचा, रेझिस्टन्स गार असताना साधारण ३ ओहम असतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे कॉइल ६० अंशांनी तापली की ३ चे ३.७ होतात. सेल्फ मारताना बॅटरी ९.५ व्होल्टपर्यंत खाली येते असं धरा. गार कॉइलमधून ३.२ अँपिअर जातील, गरम कॉइलमधून २.६. ठिणगीची ताकद प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. हे एकदम धडधाकट कॉइलचं गणित आहे. त्यात पॉइंट थोडे जळलेले, कंडेन्सर थोडा थकलेला आणि अर्थिंग थोडं गंजलेलं असेल, तर उरलीसुरली ताकदही जाते. सकाळी हे सगळं झाकलेलं राहतं, कारण गार कॉइलकडे शिल्लक ताकद असते.

आधी ठरवा, ठिणगी की पेट्रोल

माझ्या स्वतःच्या गाडीचा कार्बोरेटर मी तीन वेळा खोलला होता. दोष तिथे नव्हताच. म्हणून सांगतो, हे आधी ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. त्यामुळे गरम इंजिनवर दोन गोष्टी होऊ शकतात. पाइपमध्ये किंवा पंपात वाफ धरते आणि पेट्रोल पुढे येत नाही, किंवा कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं आणि ओव्हरफ्लो होतो. ओव्हरफ्लोचा वास येतो. अशा वेळी चोकला हात लावू नका, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरून ठेवा आणि सेल्फ मारा. पंपासारखा खालीवर करू नका, प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. पाच-सात सेकंदांत फटफट करत, काळा धूर सोडत गाडी सुरू झाली, तर तुमचं दुखणं पेट्रोलचं आहे, ठिणगीचं नाही. कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारी जाड पॅकिंग आहे का, पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला घासून जातोय का, हे बघा. या लेखाचा पुढचा भाग मग तुमच्यासाठी नाही.

कार्बोरेटरच्या तोंडातून पाहिल्यावर ॲक्सिलरेटरच्या ओढीबरोबर पेट्रोलची पिचकारी दिसते आणि तरीही गाडी पकडत नाही? मग पुढे चला. (काही कार्बोरेटरना ही पिचकारी मुळातच नसते. तशा गाडीत सरळ ठिणगीच बघा.)

डिकीत काय ठेवायचं

साधा मल्टिमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), दोन टोकांना क्लिप असलेली मीटरभर वायर, जाड रबरी मुठीची पक्कड, बारीक पॉलिश पेपर आणि एक स्पार्क टेस्टर. टेस्टर नसेल तर जुन्या प्लगला अर्थिंगची वायर आणि क्लिप जोडून घरीच करता येतो. घरच्या तपासणीसाठी हेअर ड्रायर लागेल. त्याचं काम पुढे येईल.

दोन सूचना, आणि त्या गंभीरपणे घ्या. कॉइलच्या सेकंडरी, म्हणजे प्लगकडच्या, बाजूला पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात. सेल्फ फिरत असताना एचटी लीड (कॉइलकडून टोपीकडे आणि तिथून प्लगकडे जाणारी जाड वायर) उघड्या हाताने धरायची नाही, आणि हृदयाला पेसमेकर असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा. दुसरं, पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी पाडायची नाही. वास जाईपर्यंत थांबा, अग्निशामक जवळ ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि शर्टाच्या बाह्या पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, हे वेगळं सांगायला नको.

पायरी १ : गरम असतानाच ठिणगी बघा

ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला जुने मेकॅनिक ‘डेल्को’ म्हणतात. हे नाव १९०९ साली चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी काढलेल्या डेल्को कंपनीचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसलेला इलेक्ट्रिक सेल्फसुद्धा केटरिंगचाच. तर या डेल्कोच्या टोपीच्या मधोमध कॉइलकडून येणारी जाड लीड असते. ती काढा, टेस्टरला लावा, टेस्टरची क्लिप इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा.

निळी, कडक, ‘टक-टक’ आवाज करणारी ठिणगी दिसली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक आहे. आता हीच तपासणी एखाद्या प्लगच्या लीडवर करा. कॉइलवर ठिणगी आहे आणि प्लगवर नाही, तर दोष रोटर (टोपीखाली फिरून प्रत्येक प्लगकडे ठिणगी पाठवणारा तुकडा), टोपी किंवा लीडमध्ये. कॉइलवरच ठिणगी पिवळी, बारीक किंवा गायब असेल, तर पायरी २.

लीड नुसती हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. बाहेर उडी मारायला जागा मिळाली नाही की तो दाब कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतो. चांगली कॉइल अशीच मरते.

पायरी २ : दोन आकडे, जे बहुतेक जण मोजतच नाहीत

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण माझ्या मते निम्मे दोष इथेच सापडतात आणि लोक मात्र इथून थेट नवीन कॉइल घ्यायला पळतात.

पुढचं वर्णन निगेटिव्ह अर्थ गाडीचं आहे. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ होत्या. तुमची तशी असेल तर मीटरच्या दोन्ही तारा उलट धरा, आणि पुढे कॉइलचं ‘+’ म्हटलंय तिथे ‘–’ समजा, ‘–’ तिथे ‘+’. बॅटरीचा कोणता खांब बॉडीला जोडलाय हे आधी डोळ्यांनी बघून घ्या.

डेल्कोची टोपी काढा. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा आणि पॉइंट पूर्ण मिटले की थांबा. किल्ली ऑन करा. मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, इंजिनवर नव्हे. लाल तार कॉइलच्या ‘+’ टोकावर. साध्या कॉइलला इथे बॅटरीपेक्षा जेमतेम अर्धा व्होल्ट कमी दिसायला हवा. बॅलास्ट असलेल्या गाडीत ६ ते ८ व्होल्ट दिसतात आणि ते बरोबर आहे, घाबरू नका. साध्या कॉइलला १० च दिसले तर किल्लीचा स्विच, फ्यूज किंवा मधला एखादा जोड करंट खातोय.

आता लाल तार कॉइलच्या ‘–’ टोकावर. पॉइंट मिटलेले असताना इथे जवळजवळ शून्य हवं. ०.२ पर्यंत चालेल, ०.३ च्या वर गेलं की पॉइंट मळलेले आहेत किंवा डेल्कोचं अर्थिंग गेलंय. मग लाकडी काडीने पॉइंट उघडा. आकडा झटक्यात बॅटरीच्या व्होल्टेजवर यायला हवा. आला नाही, शून्यच राहिला, तर करंट दुसऱ्या वाटेने अर्थ होतोय. कंडेन्सर आतून शॉर्ट आहे, किंवा पॉइंटच्या वायरचं आवरण कुठेतरी लोखंडाला टेकतंय.

मापं झाली की किल्ली लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले असताना किल्ली ऑन राहिली तर साध्या कॉइलमधून सतत ४ अँपिअर जातात, म्हणजे ४८ वॉटची शेगडीच. तपासणी करता करता कॉइल भाजून टाकणारे नवखे मी पाहिलेत. एकदा आरशातही पाहिलाय.

माझ्या गाडीत ‘–’ टोकावर गार असताना ०.३ यायचे आणि गरम असताना १.४. पॉइंट घासले, तरी तेच. शेवटी टॉर्च धरून डेल्कोत डोकावलो. पॉइंटची प्लेट डेल्कोच्या बॉडीला जोडणारी एक बोटभर लवचिक अर्थिंगची वायर असते. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या ओढीप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणारी डबी) प्लेटला सारखा हलवत असतो, तशी ही वायरही दर वेळी वाकते. वरचं कापडी आवरण शाबूत होतं. चिमट्याने जरा ओढलं तर आवरण लांबलं, रबरासारखं. आतल्या तारा सगळ्या तुटलेल्या, तीन-चार धागे तेवढे एकमेकांना टेकलेले. नवी मऊ, बारीक धाग्यांची वायर सोल्डर केली आणि तीन वेळा खोललेला कार्बोरेटर निर्दोष सुटला. इथे घरगुती वायरिंगची कडक तार घालू नका, महिन्याभरात तुटेल.

पायरी ३ : किल्ली सोडताच पकडते का?

हे लक्षण इतकं बोलकं आहे की त्याला वेगळी पायरी दिली. सेल्फ फिरत असेपर्यंत काही नाही, पण कंटाळून किल्ली सोडली त्या क्षणी इंजिन एकदा ‘फट’ करतं किंवा सुरूच होतं. बॅलास्टच्या गाडीत सेल्फ मारताना कॉइलला बॅलास्ट टाळून थेट बॅटरीचा करंट मिळावा म्हणून सोलेनॉइडकडून (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचकडून) एक वेगळी वायर येते. ती तुटली किंवा सोलेनॉइडमधला तो कॉन्टॅक्ट जळला की सेल्फच्या वेळी कॉइल उपाशी राहते. सेल्फ फिरत असताना कॉइलच्या ‘+’ वर व्होल्टेज मोजा. ते बॅटरीच्या त्या वेळच्या व्होल्टेजच्या आसपास हवं. ४-५ च दिसलं तर दोष सापडला.

याच्या जोडीला कॉइल योग्य जातीची आहे ना तेही बघा. बॅलास्टवाल्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण १.५ ओहम असतो. ती बॅलास्टशिवाय लावली तर दुप्पट करंट ओढते, तापते, पॉइंट जाळते. उलट ३ ओहमची कॉइल बॅलास्टमागे लावली तर ठिणगी कायमची अशक्त. जुनी गाडी चार हातांतून गेलेली असते, त्यामुळे कोणी काय लावलंय याचा भरवसा धरू नका.

पायरी ४ : पॉइंट आणि कंडेन्सर

पॉइंटची तोंडं बघा. राखाडी आणि सपाट असतील तर उत्तम. एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा असेल तर कंडेन्सर गाडीला जुळत नाहीय किंवा थकलाय. निळी-काळी जळालेली तोंडं म्हणजे करंट जास्त किंवा मधे तेल आलंय.

पॉइंट घासून वाचवता येतात, पण माझा अनुभव असा की घासलेले पॉइंट फार दिवस टिकत नाहीत. बदला. गॅप गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. लुकासच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरना ०.३५ ते ०.४० मिलीमीटर, फोक्सवॅगन बीटलच्या बॉश डिस्ट्रिब्युटरला ०.४. पॉइंटची टाच कॅमच्या (डेल्कोच्या शाफ्टवरच्या उंचवट्याच्या) टोकावर असताना मोजायचं, आणि फीलर गेज अगदी हलकं घासत गेलं पाहिजे. नव्या पॉइंटच्या तोंडावर कारखान्यातला तेलाचा थर असतो. तो स्पिरिटने पुसा, नाहीतर नवे पॉइंट पहिल्याच दिवशी दगा देतात. कॅमवर ग्रीसचा कण लावा. ग्रीस नसलं की टाच झिजते, गॅप मिटत जातो आणि त्याबरोबर टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, मागे सरकतं. म्हणूनच गॅप लावल्यावर टायमिंग परत तपासायचं.

कंडेन्सर हा गरम झाल्यावर मरणारा सगळ्यात संशयित भाग. साधारण ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरॅड दाखवायला हवा. गार असताना मोजा, मग हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं तापवून परत मोजा. आकडा कोसळला किंवा नाचायला लागला तर निकाल लागला. मीटरवर चांगला दिसूनही पूर्ण दाबाखाली गळणारे कंडेन्सर असतात. म्हणून दुसरी खूण, संध्याकाळच्या अंधारात टोपी काढून सेल्फ मारा आणि पॉइंट बघा. बारीक निळा ठिपका चालेल. पांढरा-पिवळा झगमगाट दिसला तर कंडेन्सर आपलं काम करत नाही. आणि ‘नवीन आहे म्हणून चांगलाच असणार’ हे कंडेन्सरच्या बाबतीत अजिबात धरू नका. नवा कोरा बसवून फसलेले खूप आहेत.

पायरी ५ : कॉइल

कॉइलच्या आत इन्सुलेशन गेलं की गार असताना ती चालते, गरम झाली की सेकंडरीचे वेढे आतल्या आत शॉर्ट होतात. मल्टिमीटर हे नेहमी दाखवत नाही, कारण त्याचा दाब दोन-चार व्होल्टचा. सेकंडरी काही हजार ओहम दिसते, त्यावर खूश होऊ नका.

गाडी बंद पडली, ठिणगी अशक्त आहे, पायरी २ चे दोन्ही आकडे बरोबर आहेत. अशा वेळी किल्ली बंद करून कॉइलच्या पोटाला ओलं फडकं गुंडाळा, वरची टोकं कोरडी ठेवून. पाच मिनिटांनी फडकं काढा आणि ठिणगी बघा. परत आली तर गुन्हेगार कॉइल. घरी याच्या उलट करता येतं. गार इंजिनवर फक्त कॉइल हेअर ड्रायरने तापवायची आणि ठिणगी बघायची. एका वेळी एकच भाग तापवायचा, हे महत्त्वाचं. डेल्कोत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेलं असेल तर त्यालाही हाच प्रयोग लागू. ही मॉड्यूल गरम झाल्यावर गप्प होतात आणि गार झाली की साळसूद चेहऱ्याने चालतात.

कॉइलच्या तोंडाशी तेल पाझरलेलं दिसलं तर तपासणीत वेळ घालवू नका. ते तेलच तिला गार ठेवतं. नवी कॉइल बसवताना ती इंजिनवर न लावता बाजूच्या पत्र्यावर लावता आली तर जरूर लावा. ‘+’ आणि ‘–’ उलटे लावले तरी गाडी चालते, पण त्याच ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तो तोटा गरम इंजिनवरच उघडा पडतो.

पायरी ६ : रोटर आणि टोपी

टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर टोपी बाद. रोटर डोळ्यांनी कळत नाही. रोटर जागेवर ठेवून कॉइलची लीड पकडीने त्याच्या मधल्या पत्रीपासून ३ मिलीमीटरवर धरा, किल्ली ऑन करा आणि काडीने पॉइंट उघडमीट करा. टपोरी ठिणगी रोटरवर उडी मारत असेल, तर ती रोटर फोडून खालच्या शाफ्टला चाललीय. चांगल्या रोटरवर ती जात नाही.

सेल्फच जड फिरत असेल तर

ठिणगीचा दोष नसूनही असंच वाटतं. गरम गाडीचा सेल्फ अडखळत, ढकलल्यासारखा फिरतो. कॉइलच्या ‘+’ ची वायर काढा आणि सेल्फ मारा. आता मोकळा फिरला तर टायमिंग फार पुढे आहे, ठिणगी पिस्टनला वर येऊ देत नाहीय. तरीही जडच असेल तर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनपर्यंत व्होल्टेज मोजा, सेल्फ फिरत असताना. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत करा.

झालं का खरंच?

गार गाडी सुरू झाली म्हणजे काम झालं नाही. अर्धा तास चालवा, बंद करा, बोनेट न उघडता पंधरा मिनिटं थांबा, सुरू करा. तीन वेळा. तीनही वेळा दोन-तीन फेऱ्यांत पकडली तर दोष गेला. आणि एकच भाग बदलून ही परीक्षा घ्या. एकदम चार बदलले तर कोणता वाईट होता ते कधीच कळणार नाही.

काढलेल्या भागाला लगेच चिठ्ठी बांधा, ‘गरम झाल्यावर बंद’ अशी. नाहीतर वर्षभराने तोच कंडेन्सर डिकीतून ‘चांगला स्पेअर’ म्हणून निघतो आणि परत डेल्कोत जाऊन बसतो. माझा बसला होता.